शेळीच्या बदल्यात खड्डे

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर मी ते मध्येच कुठेतरी घुसडेन आणि तेव्हा ते जास्त वाईट दिसेल. माझे वडील सांगोल्याच्या बाजूला शेळ्यांचा व्यापार करतात. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र घरी आलं त्याच दिवशी त्यांनी ते तालुक्याला नेऊन लॅमिनेट करून आणलं. म्हणाले, "आता पाणी पडू दे, न्हाईतर शेळी चाटू दे." पुढे अमिरातीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा कळलं की त्या कागदावर तीन ठिकाणचे शिक्के लागतात, आणि प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. दुसरी प्रत काढायला दीड महिना गेला. पहिली अजून भिंतीवर आहे. तिला खरंच काही झालेलं नाही.

गावाने मला दुबईला जातोय असं समजून निरोप दिला. मी उतरलो अल ऐनला. हे शहर समुद्रापासून लांब, वाळवंटाच्या पोटात, खजुरांच्या बागांनी भरलेलं आणि इतकं शांत की पहिल्या दिवशी मला वाटलं आज काहीतरी बंद आहे. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नव्हता. होत्या त्या गाड्या, आणि दर थोड्या अंतरावर एक गोल चौक. प्रत्येक गोलाच्या मधोमध हिरवळ आणि फुलं. बसमधून जाताना मी बराच वेळ समजत होतो की आपण एकाच गोलाला फेऱ्या मारतोय आणि ड्रायव्हरला सांगायची कुणाची हिंमत होत नाहीये.

ऑगस्ट संपत आला होता. हॉस्टेलवर पोचल्या पोचल्या आंघोळीला गेलो, निळ्या खुणेचा नळ सोडला आणि ओरडलो. पाणी चहाइतकं कढत होतं. तीन दिवस मी निळ्या नळाचं पाणी बादलीत भरून, ती एसीसमोर ठेवून, दोन तासांनी आंघोळ करत होतो. चौथ्या दिवशी माझ्या रूम पार्टनरने विचारलं, "ब्रो, तू बादलीला का गार करतोयस?" हा मूळ पुण्याचा, पण जन्मापासून दुबईत अल कुसैसला वाढलेला. मराठी समजायचं त्याला सगळं, उत्तर मात्र इंग्रजीकडून वळसा घेऊन यायचं. त्याने समजावलं की टाकी छतावर उन्हात असते, म्हणून गार नळाला गरम पाणी. गिझर आत सावलीत असतो, तो बंद ठेवायचा आणि लाल नळ सोडायचा, की गार पाणी. "बेसिक सायन्स आहे," तो म्हणाला. मी विज्ञानाचा पदवीधर. बादली रिकामी केली.

त्याहून वाईट चहाचं. हॉस्टेलजवळ चहाची छोटी टपरीवजा खिडकी होती. लोक गाडीतून यायचे, समोर गाडी लावायचे, हॉर्न द्यायचे, आणि आतला माणूस पळत येऊन काचेतून चहा द्यायचा. मी चालत गेलो. रांग कुठे दिसेना, म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा राहिलो. चहावाला डावीकडच्या गाडीला चहा देऊन गेला, उजवीकडच्या गाडीला देऊन गेला. मागून आलेल्या तिसऱ्या गाडीने मला हॉर्न दिला, कारण मी पार्किंगमध्ये उभा होतो. शेवटी मी तोंडानेच "पों पों" केलं. चहावाला थबकला, माझ्या आजूबाजूला बघत म्हणाला, "गाडी किधर है?" तेव्हापासून तो मला बघितलं की तोच प्रश्न विचारायचा.

सांगायचं ते एवढंच, की तीन आठवड्यांत मला धड जमलेली एकही गोष्ट नव्हती.

त्यात आमच्या मार्गदर्शक बाईंनी बोलावलं. माझी शिष्यवृत्ती एका ठरावीक प्रकल्पाची होती. जुन्या कालव्यांच्या पाण्यावर वाढलेल्या खजुराच्या बागेत जमीन किती खारट होत चाललीय, ते मोजायचं. जमिनीखालून पाणी आणून बागेत उघड्यावर सोडणाऱ्या अशा जुन्या कालव्याला तिकडे फलज म्हणतात. तशी हवी तेवढी जुनी आणि एकाच मालकाची बाग एकच होती, आणि तिचा म्हातारा मालक कुणाला फावडं लावू देत नव्हता. आधी दोन विद्यार्थी गेले होते, दोघांना त्याने कॉफी पाजली आणि परत पाठवलं.

"तीस खड्ड्यांतले तीस नमुने लागतील," बाई म्हणाल्या. "तीस म्हणजे तीस, एकोणतीसला मी सही करणार नाही. आणि त्यांची परवानगी गुरुवारपर्यंत. नाहीतर हा प्रकल्प या वर्षी रद्द करावा लागेल."

प्रकल्प रद्द म्हणजे शिष्यवृत्ती रद्द. शिष्यवृत्ती रद्द म्हणजे घरी, त्या लॅमिनेट केलेल्या पदवीच्या खाली जेवायला बसायचं. माझ्या डोळ्यांसमोर ते जेवणसुद्धा आलं.

बुधवारी सकाळी रूम पार्टनर मला त्याच्या गाडीतून बागेवर घेऊन गेला. गाडी खरं म्हणजे त्याच्या आईची. ती शनिवारी अल कुसैसला परत करायची होती, आणि आईला गाडीत केळ्याचा वाससुद्धा दोन दिवसांनी कळतो, हे त्याने मला वाटेत दोनदा सांगितलं. तो एसी लावून गाडीतच बसला. मी फॉर्म घेऊन आत गेलो.

बागेचा कारभार रत्नागिरीकडचे एक चाचा बघायचे. पस्तीस वर्षं तिथेच. मालकाला ते अरबाब म्हणायचे. मराठी ऐकून खूश झाले, पण फॉर्म बघून म्हणाले, "हां. अजून एक आला खड्डेवाला. चल, कॉफी पी आणि जा."

झालं तसंच. म्हातारा गादीवर लोडाला टेकून बसला होता. पांढरी दाढी, पांढरा अंगरखा, डोक्याला रुमाल. खजूर आले, कॉफी आली. मी फॉर्म पुढे केला. त्याने तो हातात न घेता चाचांना काहीतरी सांगितलं.

"अरबाब म्हणतात, इन्शाल्ला."

"म्हणजे हो?"

"म्हणजे नाय," चाचा म्हणाले. "पण प्रेमानं."

मी उठलो. बाहेर पडताना उजव्या हाताला शेळ्यांचा गोठा लागला. दहाबारा शेळ्या, लांब केसांच्या, लोंबत्या कानांच्या. आणि माझं काय झालं सांगू, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मला कळणारी गोष्ट समोर उभी होती. फाइल खाली ठेवली, बाही वर केली आणि आत शिरलो. एका तपकिरी शेळीचा जबडा धरून दात बघितले, चार दाती, म्हणजे दोनेक वर्षांची. पाठीवरून बोटं फिरवली. कास बघितली. मग उजव्या कुशीखाली तळहात लावून थांबलो, वडील थांबतात तसा.

"चाचा, ही गाभण आहे. साडेतीन महिने. आणि जुळी आहेत."

चाचांनी सांगितलं. म्हातारा काठी टेकत कठड्यापाशी आला. मग मी सुरूच झालो. काय पाठ आहे, काय छाती आहे, पाय बघा कसे सरळ, असलं जनावर आमच्या बाजारात आलं तर माणसं वळून वळून बघतील. चाचा भाषांतर करता करता मध्येच मला दबक्या आवाजात म्हणाले, "माशाल्ला म्हण रे, नजर लागेल." मी माशाल्ला म्हणालो आणि पुढे चालू ठेवलं.

म्हातारा छातीवर हात ठेवून काहीतरी बोलला.

"तुझी झाली म्हणतात. घेऊन जा."

इथे जे मी केलं ते शेळीवाल्याच्या पोरालाच सुचेल. आमच्या बाजारात प्रत्येक विकणारा असंच म्हणतो. "घेऊन जा पाव्हणं, तुमचीच हाय, पैशाचं काय!" ती भाव सुरू करायची पद्धत. त्यावर घेणाऱ्याने "बांधा मग गाडीला" म्हणायचं, दोघांनी हसायचं, आणि मग खऱ्या सौद्याला बसायचं. हे मी पाच वर्षांचा असल्यापासून ऐकत आलोय. मी हसलो आणि म्हणालो, "बांधा मग गाडीला!"

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "खरंच सांगू?"

"सांगा की."

त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने हाक मारली, दोरी आली, आणि पाच मिनिटांत शेळी माझ्या हातात.

"चाचा, हे सौद्याचं कधी बोलायचं?"

"कसला सौदा? अरे खुळ्या, इथं मालकासमोर त्याच्या वस्तूची एवढी तारीफ करायची नसते. तो देऊन टाकतो. तू तर अर्धा तास तारीफ केलीस, वर गाडीला बांध म्हणालास!"

"मग परत देतो ना."

"देऊन बघ. पुन्हा तुझं तोंड नाय बघायचा तो."

रूम पार्टनरने काच खाली केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे, मग दोरीच्या टोकाकडे.

"नो," तो म्हणाला. "ब्रो, नो. सीरियसली, नो."

म्हातारा दारात उभा राहून हात हलवत होता. आम्हीही हात हलवला आणि शेळी मागच्या सीटवर बसवली.

तिने फॉर्म खाल्ला नाही, हे सांगून टाकतो, कारण ही गोष्ट ऐकताना सगळे तेच धरून चालतात. ती फॉर्मवर फक्त बसली. खाल्ली ती आरशाला टांगलेली लिंबाच्या वासाची पट्टी, पुढच्या दोन सीटांच्या मधून मान घालून.

"मॉमला काय सांगू?" रूम पार्टनर रडवेला झाला होता. पहिल्या गोलाला त्याने तीन फेऱ्या मारल्या, कारण कुठल्या रस्त्याला लागायचं तेच ठरत नव्हतं. हॉस्टेलच्या फाटकावर आत जाणारी पिशवीसुद्धा बघतात. शेळी ठेवली तर हॉस्टेल जाणार होतं, परत केली तर बाग. आणि सही उद्यापर्यंत हवी होती.

"आधी चहा पिऊ," मी म्हणालो.

टपरीसमोर गाडी लावून त्याने हॉर्न दिला. चहावाला धावत आला, मला बघून म्हणाला, "अरे! गाडी आ गया!" मग त्याने मागे बघितलं. शेळीने त्याच्याकडे बघितलं. तो व्यवसायाचा पक्का माणूस होता. त्याने विचारलं, "तीन?"

मी वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मागे वळवला.

"आरं! काय झ्याक जनावर हाय! कितीला घेतलंस?"

"फुकट दिली."

त्यांचा चेहराच बदलला. "फुकट? आपल्या घरात फुकट जनावर कुणी घेतलंय आजपतुर? ह्यासाठी शिकीवला व्हय तुला?"

मी सगळं सांगितलं. बाग, तीस नमुने, गुरुवार. त्यांनी दाढी खाजवली.

"टाविलाखाली हात घातलावता का?"

"नाही."

"मग सौदा कुठं झालाय? कच्चाच हाय की त्यो. जा आन् पुरा कर. जनावर परत न्यायचं न्हाई, इकायला न्यायचं. तुजं हाय न्हवं आता? मग इक त्याला." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "जुळी हाईत म्हणालास ना? त्ये शेवटाला काढायचं."

माझ्या बॅगेत वडिलांनी दिलेला पांढरा टॉवेल होता. उन्हात मान पुसायला घेऊन फिरायचो. गाडी वळवली.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा दुपारची नमाज आटोपून फलजच्या काठी सावलीत बसला होता. गाडीतून शेळी उतरताना बघितली आणि त्याने मान फिरवली. चाचांनी कपाळाला हात लावला.

"चाचा, सांगा त्यांना, मी शेळी परत करायला आलो नाही. विकायला आणलीय."

"काय?"

"माझी आहे ना ती? मग मी विकतोय. पैसे नकोत. खड्डे पाहिजेत. आमच्या घरात सौद्याशिवाय जनावर इकडचं तिकडे जात नाही, असं माझे वडील म्हणतात म्हणून सांगा."

चाचांनी एक मोठा श्वास घेतला आणि सांगितलं. म्हातारा हळूहळू वळला. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो, उजवा हात पुढे केला आणि त्यावर टॉवेल पसरला.

आमच्याकडे जनावरांचा भाव असाच ठरतो. तोंडाने आकडा बोलायचा नाही. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव, म्हणजे आजूबाजूच्यांना काही कळत नाही. हे सगळं कसं समजावून सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात म्हातारा हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला. मग त्याने बाही सरळ केली आणि आपला हात टॉवेलाखाली घातला.

"त्यांचे वडील उन्हाळ्यात किनाऱ्यावर मोती काढायला जायचे," चाचा म्हणाले. ते स्वतःच चकित झाले होते. "तिथं व्यापारी असंच करायचे म्हणतात, कापडाखाली. लहानपणी बापाबरोबर हेच खेळायचे."

एक बोट म्हणजे पाच खड्डे, एवढं तोंडी ठरलं. मी आधी पाच, मग तीन, अशी आठ बोटं दाबली, चाळीस. म्हाताऱ्याने माझी करंगळी धरली, पाच. मी हात ओढून घेतल्यासारखं केलं. त्याने आकाशाकडे बघून अल्लाला साक्षीला बोलावलं. मी सात दाबली. त्याने दोन. मी उठून शेळीची दोरी हातात घेतली आणि दोन पावलं चाललो. त्याने "यल्ला, यल्ला" म्हणजे चल-चल करत परत बसवलं. तीन.

"किती? अरे किती झाला?" चाचा डोकं घालायला लागले. "पस्तीस वर्षांत अरबाबाचा एक सौदा माझ्यापासून लपला नाय!"

म्हाताऱ्याने त्यांना काठीने मागे सारलं. रूम पार्टनर मोबाइलवर शूटिंग करत होता, त्यालाही.

चार बोटांवर, म्हणजे वीस खड्ड्यांवर, तो थांबला. मी कितीही दाबलं तरी त्याची पकड हलेना. "खलास," तो म्हणाला, आणि ते खरं वाटत होतं. हसणंही थांबलं होतं. खड्ड्यांनी मुळं तुटतील ही भीती होती त्याला, ते मला दिसत होतं. ती झाडं त्याच्या आजोबांनी लावलेली होती.

वीस खड्डे घेऊन मी घरीच गेलो असतो.

"चाचा, सांगा त्यांना, हा भाव एकट्या शेळीचा झाला. पोटात दोन करडं आहेत. त्यांचं काय?"

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग शेळीकडे. तिने फलजमध्ये तोंड घालून पाणी प्यायला सुरुवात केली होती, आपला काही संबंध नसल्यासारखी. टॉवेलाखाली माझं एक बोट दाबलं गेलं. मी वाट बघितली. बऱ्याच वेळाने दुसरं.

तीस.

एक अट होती. शेळी व्याली आणि करडू एकच निघालं, तर पाच खड्ड्यांची माती परत आणून घालायची. दोन निघाली तर ठीक. मी कबूल झालो. फॉर्म थोडा चुरगळला होता आणि त्यावर दोन केस होते. म्हाताऱ्याने ते फुंकरीने उडवले आणि सही केली.

गुरुवारी बाईंनी फॉर्म हातात घेतला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

रूम पार्टनरच्या आईने मात्र शनिवारी विचारलं. त्याने खरं सांगितलं. ती म्हणाली, "डोन्ट लाय टू मी."

पुढचे दीड महिने मी झाडामागून झाड खणत गेलो, पण मन गोठ्यात असायचं. रोज जाऊन आधी तिच्या कुशीला हात लावायचो. पंचवीस नमुने बिनधास्त पाकिटबंद केले, शेवटचे पाच वेगळे ठेवले, परत घालायला लागले तर सापडावेत म्हणून. वडील रोज फोनवर माझी नाही, तिची चौकशी करायचे. हात लावून सांगणं ही आमच्या घरातली एकच विद्या मी वडिलांकडून घेतली होती, बाकी सगळी पुस्तकांची. तीच चुकली असती तर फार झोंबलं असतं.

एका सकाळी प्रयोगशाळेत असताना चाचांचा फोन आला. "ताबडतोब ये. अरबाब रागावलेत. फावडं घेऊन ये."

मी फावडं उचललं. ती पाच पाकिटं पिशवीत घातली आणि निघालो. 

म्हातारा गोठ्यापाशी उभा होता. मला बघून काठी आपटत काय काय बोलला.

"म्हणतात, तू व्यापारी हायस की कोण? तुला जनावर कळतं म्हणालास ना? दोन म्हणालास!"

मी कठड्यावरून वाकून बघितलं. तपकिरी शेळी उभी होती, आणि तिच्याखाली तीन करडं धडपडत होती.

"पाच खड्डे तुझे त्यांच्याकडं निघतात," चाचा म्हणाले. "देणं ठेवून झोपायची सवय नाय त्यांना. यल्ला, खण."

मला आणखी खड्डे नको होते. पण नको म्हणून सांगायची हिंमत मी त्या बागेत पुन्हा करणार नव्हतो, आणि तारीफही करणार नव्हतो. करडांकडे बघून नुसतं माशाल्ला म्हणालो आणि खणायला लागलो.

माझ्या प्रबंधात म्हणूनच पस्तीस नमुने आहेत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. आराखड्यात तीस लिहिलेत, वरचे पाच कुठल्या निकषावर घेतले? बाई खाली बघत होत्या. मी म्हणालो, "बागमालकांच्या आग्रहावरून." परीक्षकांनी ते लिहून घेतलं.

पदवी मिळाली तेव्हा वडिलांना फोन केला. घरातली पहिली पदव्युत्तर पदवी. ते खूश झाले, पण आधी म्हणाले, "तीन असताना दोन सांगितलीस. हात अजून कच्चा हाय तुजा." आणि मग, "कागद जपून आण. तालुक्याच्या प्लास्टिकवाल्या पोराला मी सांगून ठिवलंय."